हाताचं तळं

हे समोर दिसतंय ना, ते हाताचं तळं. हातानं खोदलं म्हणून हाताचं, असं बाहेरचे लोक सांगत फिरतात, त्यांचं ऐकू नका. खडक आहे सगळा. हातानं खोदायला आमची माणसं काय वेडी होती? आणि ते कडेला तीन दगड दिसतात, मधे सपाट शिळा, तिला पाय लावू नका. बसायचं तर इकडं लिंबाखाली बसा. पिशव्या जवळ ठेवा आपापल्या. इथं कुणी चोर नाही, पण तुमच्यात कोण कसा आहे ते मला काय ठाऊक? मागं एक अशीच कॉलेजची मंडळी आली होती, गेली तेव्हा माझी पितळी तपेली पण गेली.

माझं नाव हौसाबाई. तळ्याला लागून जे कौलारू घर आहे ते आमचं. तांबखडीत कुणी आलं की गावकरी माझ्याकडं धाडतात, कारण गोष्ट आमच्या घरची आहे. आता या तुमच्या मॅडम मघाशी म्हणाल्या, इंग्रजीतही आमच्यासारखी पाण्याची म्हण आहे. एखाद्याचं बोलणं पटलं नाही की त्यात पाणी टिकत नाही म्हणतात. काय हो ते? डझ इट होल्ड वॉटर. हां. आमचा सरपंच तर छातीवर हात ठेवून सांगतो की फार वर्षांपूर्वी कुणी साहेब जमीन मोजायला इथं आला होता, त्यानं ते आमच्याकडून ऐकलं आणि विलायतेला नेलं. मला नाही पटत. साहेबाच्या देशात काय मडकी नव्हती, का ती गळत नव्हती? सरपंचाला निवडणुकीची सवय आहे, तो काहीही सांगेल. मी सांगते ते माझ्या सासूनं सांगितलेलं, तिला तिच्या सासूनं. त्यातही कुठं कुणी काय घातलं असेल, देव जाणे. तुम्ही आपलं कान उघडे ठेवून ऐका.

पूर्वी म्हणे हे गाव फार संशयी होतं. आताही आहे, पण तेव्हा म्हणजे अतीच. त्याला कारणही तसंच. इथून घाटाकडं जायची वाट होती. वाटेवर नाना तऱ्हेची माणसं. एक बैरागी मंतरलेलं बियाणं म्हणून भाजलेली ज्वारी विकून गेला. अख्ख्या गावानं पेरली, एक कोंब उगवला नाही. एकानं देवीचा कौल आणलाय म्हणून कोंबडी-बकरी खाल्ली. तेव्हा येसू पाटील होता गावचा. तो म्हणाला, आता बस झालं, ताकही फुंकून प्यायचं. परक्या माणसाचं बोलणं घटासमोर होईल.

घट म्हणजे कोरा घट, कुंभाराच्या आव्यातून, म्हणजे भट्टीतून, नुकता काढलेला. बोलणाऱ्यानं तो स्वतः पाण्यानं भरायचा आणि या तीन दगडांवर ठेवायचा. खालच्या शिळेवर चुलीतली राख पसरायची. मग बोलायला सुरुवात. बोलणं संपेपर्यंत राख कोरडी राहिली तर माणूस खरा. राखेवर थेंब पडला की माणूस खोटा. तिथंच त्याचं तोंड बंद करायचं आणि शिवेच्या पलीकडं नेऊन सोडायचं. पाणी टिकलं तर बोलणं टिकलं. तुमच्या इंग्रजीसारखंच झालं की नाही?

आता मला सांगा बायांनो, कोरं मडकं पाझरतं की नाही? तुम्ही फ्रीजचं पाणी पिणाऱ्या, तुम्हाला काय कळणार. कोरं मडकं आधी पोटभर पाणी पितं आणि मग त्याला घाम फुटतो. पाझरलं नाही तर पाणी गार कसं होईल? हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. घराघरात बायका नव्या माठाखाली थाळी ठेवत होत्या. पण हा घट पडला देवाचा, देवळात पुजलेला. त्याच्याबद्दल बोलायचं कुणी? आणि पाटलाला सांगायचं कुणी?

मग व्हायचं काय, तर जो झटपट बोलला तो खरा ठरायचा आणि ज्याला सांगायला वेळ लागला तो खोटा. एकदा एक धनगर आला. घाटाखाली गुरांना रोग आलाय, तुमची गुरं तिकडच्या पाण्यावर नेऊ नका, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण धनगर माणूस तो, मूळपासून सांगायला लागला. कुठल्या मेंढीपासून सुरुवात, कुठला चुलता, कुठली जत्रा. रोगापर्यंत यायच्या आधीच राखेवर थेंब. दिला हाकलून. पुढच्या अमावास्येपर्यंत गावातली निम्मी गुरं मेली. तर गाव काय म्हणालं? त्या धनगरानं शाप दिला. घटावर संशय कुणी घेतला नाही.

या गावात कोंडाई नावाची बाई होती. नवरा तरुणपणीच गेलेला, एकच लेक, जावजी. तो मिसरूड फुटल्यावर कुठल्याशा सरदाराच्या फौजेत गेला तो परत आलाच नाही. मेला म्हणावं तर निरोप नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. कोंडाई लग्नघरी जाईना की सुतकातल्या घरी जाईना. लोक विचारायचे, तर म्हणायची, मलाच ठाऊक नाही मी कुठं बसायचं ते.

अशात एक माणूस आला. घट भरला, ठेवला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "जावजी जिता आहे, आजारी आहे, औषधाला चांदी धाडा." बस, इतकंच. राख कोरडी ठणठणीत. कोंडाईनं गाठोड्यात जपलेल्या चांदीच्या पाटल्या, वाळे, सगळं काढून दिलं. तो गेला तो गेलाच. वर्ष गेलं, दोन गेली. तेव्हा तिला कळलं की आपण नागवलो गेलो. त्या दिवसापासून तिच्याइतकी संशयी बाई पंचक्रोशीत नव्हती. दूधवालीसमोर बोट बुडवून बघायची. देवळातला अंगारासुद्धा आधी हुंगायची, असं सांगतात.

पुढं एका उन्हाळ्यात राही नावाची बाई गावात आली. कडेवर तीन-चार वर्षांची पोर, सगुणा तिचं नाव. पायाला चिंध्या बांधलेल्या, ओठ फुटलेले. शिवेवरच तिला अडवलं. ती म्हणाली, "मी जावजीची बायको. ही त्याची पोर. हिला आजीच्या घरी ठेवायला आणलीय."

गावात एकच कालवा झाला. कोंडाईकडं कुणी तरी पळत गेलं. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "काय मागतीय?" ते म्हणाले, काही मागत नाही, पोर ठेवायची म्हणतेय. कोंडाई म्हणाली, "म्हणजे घरच मागतीय की. मागच्यानं चांदी नेली, ही छप्पर नेणार." पीठ भरल्या हातानंच ती इथं आली.

राहीनं घट भरला. ठेवला दगडांवर. पाटलानं राख पसरली. सगळं गाव गोल करून बसलं, आणि खरं सांगते, कुणाच्याही मनात दया नव्हती. बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, की बघ, पोरीचं नाक जावजीसारखं आहे का? दुसरी म्हणायची, कुठलं गं, नाक तर नकटं आहे. थेंब पडला की बाईला आणि पोरीला रणरणत्या उन्हात शिवेबाहेर घालवायचं होतं. पुढचं पाणी कुठं मिळणार याची कुणालाच फिकीर नव्हती. पोर तर तेव्हाच ग्लानीत होती.

राही सांगायला लागली. जावजीच्या पायाला जखम झाली, त्यानं फौज सोडली. घाटाखाली बैलांवर मीठ लादायचं काम धरलं. लंगडायचा, पण चेष्टेखोर फार. बैलांना पाटील म्हणून हाका मारायचा. यावर एक-दोघं हसले आणि येसू पाटलानं त्यांच्याकडं डोळे वटारून बघितलं. जावजी भाकरीचा पापुद्रा सोडवून बाजूला ठेवायचा आणि शेवटी खायचा. कोंडाई फणकाऱ्यानं म्हणाली, "सगळ्याच आयांची पोरं तसं खातात. पुढं सांग." राहीनं पुढं सांगितलं. पावसात तो घराच्या दारात बसून आईच्या ओव्या म्हणायचा, गळा भसाडा, पण म्हणायचा.

एव्हाना घटाच्या बुडाला ओल आली होती. ओलीचा थेंब झाला. तो फुगत चालला, लोंबायला लागला. पाटील पुढं वाकून बघायला लागला. सगळ्यांचे डोळे त्या थेंबावर, राहीचं बोलणं कोण ऐकतंय? राहीनंही थेंब बघितला आणि ती भराभरा बोलायला लागली, शब्द एकमेकांत अडकायला लागले.

आणि थेंब सुटणार तेवढ्यात कोंडाईनं घटाखाली हात घातला.

थेंब पडला तो तिच्या तळहातावर. पाटील ओरडला, "कोंडाई, हात काढ! घटाचा अपमान करतेस?" कोंडाई म्हणाली, "राख कोरडी आहे का नाही ते बघ. नेम राखेचा आहे. माझ्या हाताचा नेम कुणी केला नाही." पाटलानं विचारलं, "म्हणजे तुला ही बाई खरी वाटतेय?" तर म्हणे ती फाडकन म्हणाली, "अजिबात नाही. चोर दिसतीय मला. पण इतक्या वर्षांत माझ्या लेकाबद्दल कुणी एवढं बोललं नाही रे, येसू. थेंब पडला की ही गप्प होणार आणि जावजीपण गप्प होणार. खोटं असेल तर असू दे खोटं, मला शेवटपर्यंत ऐकू दे."

हे सांगताना माझी सासू स्वतःचा तळहात पुढं करून दाखवायची. मीही दाखवते, हा असा. असो.

तर कोंडाई तशीच बसली. तळहात भरला की पाणी पदरात टाकायची, एक हात काढायच्या आधी दुसरा घालायची. पदर भिजला, मांडी भिजली. उन्हं कलली. खाली हात धरून धरून तिचा खांदा उतरायची वेळ आली, तरी ती एवढंच म्हणायची, "हां, मग?" राही सांगतच होती. आणि सांगता सांगता तिचं लक्ष म्हातारीच्या हाताकडं गेलं. सुरकुतलेला हात, त्यावर वाळलेलं पीठ आणि त्यातून निथळणारं पाणी. बघता बघता ती हुंदके द्यायला लागली. खाली वाकून तिनं कोंडाईचे पाय धरले.

"आई, हात काढा. मी खोटी आहे. मी त्याची बायको नाही."

पाटील तर उठूनच उभा राहिला. राही म्हणाली, मी शेजारीण. जावजीची बायको पोर झाल्यावर चौथ्या दिवशी गेली. पोरीला मी पाजलं, माझंही तान्हं गेलेलं होतं. मग जावजी तापानं आजारी पडला. जाताना त्यानं पोर माझ्या ओटीत घातली आणि म्हणाला, हिला तांबखडीला माझ्या आईकडं पोचव. मी हो म्हणाले. "पण एकटी बाई, दुसऱ्याची पोर घेऊन फिरते म्हटल्यावर कोण काय म्हणेल? वाटेतल्या दोन गावांत मला पोरं पळवणारी म्हणून दगड मारले. बायको म्हटलं तर निदान पोरीला तरी ठेवून घ्याल असं वाटलं. मला ठेवू नका. मी जाते. तिला ठेवा."

येसू पाटील टाळी वाजवून म्हणाला, "बघितलंत? घट खरा ठरला! मी म्हणतच होतो."

कोंडाईनं मान वर केली. "खरा ठरला तर ठरला. पण येसू, घटानं एवढंच सांगितलं असतं की बाई खोटी. हिला हाकलली असती आणि माझ्या लेकाचं मरण हिच्याबरोबर शिवेपार गेलं असतं. मी परत दारात बसले असते वाट बघत."

गर्दीतून कुणी तरी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता, मीही विचारला असता: "अगं पण आत्ता सांगितलं ते तरी खरं कशावरून? एकदा खोटं बोलली ती पुन्हा बोलणार नाही कशावरून?"

कोंडाई म्हणाली, "कशावरूनच नाही. म्हणून तर हात काढला नाही अजून." आणि राहीकडं वळून म्हणाली, "बोल गं. ताप किती दिवस होता? पाणी कोण देत होतं त्याला?"

मग पुढं काय झालं ते दोन तऱ्हेनं सांगतात. गाव सांगतं की राहीचं बोलून झाल्यावर कोंडाईनं हात काढला, तसं घटाचं बूड गळून पडलं आणि एवढ्याशा घटातून इतकं पाणी आलं, इतकं पाणी आलं, की खडकाचा हा खोलगट भाग भरून गेला, आणि तेच हे तळं. माझी सासू मात्र म्हणायची, कोंडाईच्या पदरातलं पाणी दिवसभर एका जागी पडत होतं, तिथली माती वाहून गेली आणि खाली झरा होता तो दिसला. मला विचाराल तर झरा आधीपासूनच असणार आणि गावाला ठाऊकही असणार. गोष्टीत कुठं तरी पाणी यायला हवं म्हणून घातलं असेल. पण एक खरं, दुष्काळात बारा गावच्या विहिरी आटल्या तरी हे तळं आटलेलं मी बघितलं नाही, आणि माझं वय काही कमी नाही.

त्या दिवसापासून नेम फिरला. घट तसाच कोरा, दगड तेच, पण राख गेली. पुढं तर घटाच्या बुडाला मुद्दाम भोक पाडायला लागले. ज्याला संशय असेल, त्यानंच भोकाखाली हात धरायचा आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पाणी खाली पडू द्यायचं नाही. आमच्यात 'पाणी धरलं' म्हणजे हे. मघाशी मी सारखंच आहे म्हणाले मॅडम, पण तुमच्या इंग्रजीत आणि आमच्यात फरक आहे. तुमच्याकडं बोलणाऱ्याच्या बोलण्यात पाणी राहायला पाहिजे. आमच्याकडं ते ऐकणाऱ्यानं धरायचं असतं. हात दुखतो, सांगते. गेल्या वर्षीच एका सासूनं सुनेवर आळ घेतला, की ही माहेरी धान्य पोचवते. आम्ही म्हटलं, धर हात. अर्ध्यातच ती म्हणाली, माझी चूक झाली असेल. चूक झाली का हात दुखला, मला शंकाच आहे. तरी सून घरात आहे आणि दोघी एका ताटात जेवतात, ते मी डोळ्यांनी बघते.

राही गावातच राहिली. कोंडाईनं तिला सून म्हटलं नाही की लेक म्हटलं नाही, राहीच म्हणायची. पण जेवताना रोज पाटावर समोर बसवायची आणि विचारायची, "मग? पुढं काय म्हणाला जावजी?" राही जुनंच परत सांगायची, त्यात एखादं नवं आठवायचं. कधी दोन वेळचं सांगणं जुळायचं नाही, तेव्हा कोंडाई लगेच पकडायची, की मागच्या खेपेला तर तू बैल तांबडा होता म्हणालीस. भांडणं व्हायची दोघींची. सगुणा मोठी झाली, घरजावई आणला, तिला मुलं झाली. गावातल्या बायका कोंडाईला नदीवर, देवळात, जिथं गाठतील तिथं विचारायच्या, "काय गं, पटली का खात्री? पोर जावजीचीच का?" शेवटपर्यंत तिनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. म्हणायची, "अजून ऐकतीय."

आमचं घर त्या सगुणाचं. आमच्यात जावजीचं रक्त आहे का नाही, कुणाला ठाऊक? दुसऱ्या कुणाचं तरी, कुठल्या तरी रस्त्यावरचं पोर असू शकतं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझा बाप हे घर बघायला आला होता. मी कुणावर गेलेय ते त्याला बघून तुम्हाला कळलं असतं. चहाला हात लावायच्या आधी त्यानं माझ्या आजेसासऱ्यांना विचारलं, "तुमचं मूळ कुठलं? गावात काही बाही ऐकलं." म्हातारा शांतपणे म्हणाला, "नक्की ठाऊक नाही." बाप चप्पल घालायला उठला. तेव्हा म्हाताऱ्यानं घट भरला, बापाला या दगडांशी आणलं आणि म्हणाला, "पाव्हणं, संशय तुमचा आहे. धरा हात." मी आत्ता जी गोष्ट सांगितली, ती म्हाताऱ्यानं सगळी सांगितली. बाप परत आला तेव्हा बाही कोपरापर्यंत ओली होती. आईला एवढंच म्हणाला, की पोरगी द्यायची.

आजही आमच्या घरात सोयरीक आली की पहिला प्रश्न तोच येतो. माझ्या नातवाच्या वेळी मुलीकडचे शिकलेले लोक होते, शहरातले, तरी त्यांनीही आडून आडून तेच विचारलं, की तुमचं मूळ नक्की कुठलं? आम्ही शपथ घेत नाही, पुरावा दाखवत नाही, रागावतही नाही. आम्ही सांगतो, कोंडाईनं ऐकून घेतलं, तिथलं.